जावयाला भाषा शिकवण्याच्या पाच शास्त्रशुद्ध पद्धती

मनुष्याने एखाद्या विषयावर तीन खंड लिहिले, की त्या विषयाशी त्याचा प्रत्यक्ष संबंध येऊ नये याची काळजी विद्यापीठे घेत असतात. माझ्या बाबतीत ही काळजी एकतीस वर्षे इतक्या चोखपणे घेतली गेली, की भाषा कशी शिकवावी याचे शास्त्र मी सुमारे नऊशे शिक्षकांना शिकवले आणि भाषा मात्र एकालाही शिकवावी लागली नाही. शस्त्रक्रियेवर ग्रंथ लिहिणाऱ्याने जन्मात टाका घातलेला नसावा, तसाच हा प्रकार. फरक इतकाच, की तिथे रोगी मरतो आणि बभ्रा होतो. आमच्याकडे विद्यार्थी नुसता गप्प राहतो, आणि त्या गप्प राहण्याला आम्ही ‘ग्रहणाचा टप्पा’ म्हणतो.

ही सुखाची व्यवस्था मोडली ती माझ्या जावयाने.

जावई पाणीपुरवठा खात्यात आहे. रस्त्याखालचा नळ कुठे गळतो हे तो जमिनीला लोखंडी कांडी टेकवून, कांडीला कान लावून सांगतो. माझ्या मुलीशी त्याचे लग्न झाले तेव्हा ते दोघे ज्या भाषेत बोलत ती ना तिची होती ना त्याची. तरीही लग्न झाले. (या घटनेचा खुलासा माझ्या तिन्ही खंडांत नाही.) आमची भाषा त्याला येत नव्हती, आणि इतके दिवस कोणाचे अडलेही नव्हते. मग खात्याचे पत्र आले. गळती शोधणाऱ्या कर्मचाऱ्यास लोकांच्या दारात उभे राहून बोलावे लागते, सबब आठ आठवड्यांच्या आत स्थानिक भाषेची तोंडी चाचणी उत्तीर्ण व्हावी. अन्यथा मुख्य आगारात बदली. मुख्य आगार रेल्वेने अकरा तासांवर आहे. तिथे फक्त नळांशी बोलावे लागते.

मुलगी अर्थात त्याच्याबरोबर जाणार होती. ती आमची एकुलती एक. पत्र ऐकून पत्नी उठली आणि तिने नुकतेच धुतलेले डबे पुन्हा धुवायला घेतले.

“मी त्याला शिकवणी लावते,” मुलगी म्हणाली. “कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याची बायको शिकवते म्हणे. तिचे तिघे पास झाले.”

“ती कोणत्या पद्धतीने शिकवते?” मी विचारले.

“पद्धत कसली, बाबा? शिकवते!”

काही वाक्ये व्याकरणदृष्ट्या निर्दोष असूनही ऐकवत नाहीत. मी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. “या घरात,” मी शांतपणे म्हणालो, “या विषयावरचे तीन खंड आहेत.”

“आहेत ना,” आतून पत्नीचा आवाज आला. “टीव्हीखाली. उंची अगदी बरोबर येते.”

त्याच संध्याकाळी मी जाहीर केले, की जावयाला मी शिकवणार. आठ आठवडे ती दोघे आमच्याकडेच राहायला यावीत असे ठरले. मुलीने आईकडे पाहिले, आईने छताकडे पाहिले. जावयाला यातले काही कळले नाही, म्हणून तोच एकटा प्रसन्न दिसत होता.

पहिली पद्धत अर्थातच व्याकरणाची. विद्वानाला ती प्रिय असते, कारण तिच्यात समोर माणूस असण्याची अट नाही. मी विभक्तीपासून आरंभ केला. नमुन्यासाठी त्याच्या ओळखीचा शब्द घेतला, ‘नळ’. जावयाने वहीत पट्टीने रेघा मारून तक्ता काढला आणि दहा दिवसांत तो प्रथमेपासून संबोधनापर्यंत नळ घडाघडा म्हणू लागला. अकराव्या दिवशी शेजारचे निवृत्त लघुलेखक वर्तमानपत्र मागायला आले. दार जावयाने उघडले.

“काय, कसं काय?” लघुलेखकांनी विचारले.

जावयाने क्षणभर विचार केला आणि अत्यंत अदबीने म्हणाला, “नळाने, नळाला, नळाहून.”

लघुलेखक वर्तमानपत्र न घेताच माझ्या खोलीत आले. “साहेब, हे काही खरं नाही. लिहून घ्या त्याच्याकडून. एकेक वाक्य शंभर शंभर वेळा. आम्ही असेच शिकलो.”

“तुम्ही लघुलिपी शिकलात,” मी म्हणालो. “ती भाषा नव्हे.”

“म्हणूनच अजून लक्षात आहे!” ते म्हणाले.

वरच्या मजल्यावरच्या वहिनींचा सल्ला जिन्यातच मिळाला. “काका, त्याला मालिका लावून द्या हो. माझं मांजर बघा. रडारड सुरू झाली की आपणहून उठून जातं. कळल्याशिवाय?”

मी मांजरावर भाष्य केले नाही. पण विभक्ती आवरती घेऊन दुसऱ्या पद्धतीकडे वळलो. या पद्धतीत भाषांतराला सक्त मनाई. वस्तू दाखवायची, शब्द उच्चारायचा, अर्थ आपोआप उमलतो. मी वर बोट केले आणि स्पष्ट स्वरात म्हणालो, “पंखा.” जावयाने वर पाहिले, मान डोलावली, बाहेरून शिडी आणली आणि पाऊण तास खपून पंखा पुसला. मी म्हणालो, “खिडकी.” त्याने ती उघडली. मी म्हणालो, “दरवाजा.” यावर तो जरा खिन्न झाला, उठला, बाहेर गेला आणि मागे दार हळूच ओढून घेतले. वीस मिनिटांनी पत्नी बाजारातून आली तेव्हा तो जिन्याच्या पायरीवर बसलेला होता.

“अहो, काय हे? जावयाला घराबाहेर काढलंत?”

“मी त्याला नाम शिकवत होतो.”

“तुमचं ते नाम राहू दे. बिचारा उपाशी बसलाय.”

येथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे. आमच्या क्षेत्रात दर सात-आठ वर्षांनी नवी पद्धत येते. जुनी पद्धत निष्फळ होती, असे त्या वेळी एकमताने ठरते. परिपत्रक निघते, कार्यशाळा भरते, प्रौढ माणसे रंगीत कागदांची फुले कापतात आणि एकमेकांना टाळ्या वाजवून दाखवतात. ज्यांनी जुनी पद्धत पंधरा वर्षे शिकवली तेच नवी शिकवायला उभे राहतात, आणि जुन्या पद्धतीने शिकलेल्या मुलांची क्षमा कोणी मागत नाही. हे मी तिसऱ्या खंडात जळजळीत भाषेत लिहिले आहे. त्याच खंडाच्या शेवटी मी स्वतःची नवी पद्धत सुचवली आहे. ती कोणी वापरली नाही, हे तिच्या प्रकृतीच्या दृष्टीने बरेच झाले.

तिसरी पद्धत आज्ञांची. शिक्षकाने आज्ञा द्यायची, ती स्वतः करून दाखवायची, विद्यार्थ्याने अनुकरण करायचे. भाषा स्नायूंतून मेंदूत शिरते. “उठा” झाले, “बसा” झाले, “वळा” झाले. “खाली वाका” म्हणून मी वाकलो. जावईही वाकला. “सरळ व्हा” म्हणालो. जावई सरळ झाला.

डॉक्टर आले तेव्हाही मी काटकोनातच होतो.

“या वयात व्यायाम सुरू केलात?” त्यांनी विचारले.

“मी भाषा शिकवत होतो,” मी जमिनीकडे पाहत उत्तर दिले.

डॉक्टरांनी माझ्या पत्नीकडे पाहिले आणि माझा रक्तदाबही तपासून घेतला.

पाठ धरल्यामुळे पुढचे दहा दिवस अंथरुणात काढावे लागले. पण शास्त्राची गंमत अशी, की चौथ्या पद्धतीला नेमके हेच लागते. ही मौनाची पद्धत. शिक्षकाने तोंड उघडायचे नाही. रंगीत काड्या दाखवायच्या, विद्यार्थ्याने स्वतःच नियम शोधून बोलते व्हायचे. रंगीत काड्या घरात नव्हत्या, म्हणून मी दोरीवरचे कपड्यांचे चिमटे मागवले आणि उशीवरूनच एक लाल चिमटा त्याच्यासमोर धरला. त्याने तो घेतला. मी हिरवा धरला. त्याने तोही घेतला. सगळे चिमटे संपल्यावर तो आभारपूर्वक हसला आणि गॅलरीत जाऊन ओले कपडे वाळत घालू लागला. पत्नी तिथेच होती. भिंतीपलीकडून तिचा आवाज येत राहिला. “झटक आधी. अस्सा. अरे, बाही बाहेर काढ ना! किती मेल्या सुरकुत्या… तू दे इकडे. नाही, तूच कर, येईल तुला.” आणि त्यामागोमाग हलकेच, खोल पाण्यातून यावा तसा दुसरा आवाज: “झटक आधी. अस्सा.”

मी मौनाची पद्धत चालू असल्यामुळे काही बोललो नाही.

पाचवी पद्धत विश्रांतीची. मंद संगीत, आरामखुर्ची, शिक्षकाचा तलम स्वर. मन सैल झाले की भाषा आत झिरपते. मी पाठीला उशी लावून बसलो, जावयाला समोर बसवले आणि माझ्याच पहिल्या खंडाची प्रस्तावना तलम स्वरात वाचू लागलो. एका संशोधकाच्या मते या पद्धतीत पन्नास टक्के श्रोते झोपतात. हे तंतोतंत खरे निघाले. आम्ही दोघे होतो आणि मी झोपलो.

जाग आली तेव्हा समोरची खुर्ची रिकामी होती. स्वयंपाकघरात भांडी वाजत होती.

“आई, हे किती वेळ ढवळू?”

“घट्ट होईपर्यंत. हात थांबवू नकोस. आणि तो टॉवेल?”

“तो मी मघाशी बाहेर टाकला होता… टाकले होते… अं… आले, आले! बघून आले!”

मी भिंतीला धरून उठलो. जावई बोलतो आहे! माझ्या शरीरातून एक विजयाची लहर गेली आणि कमरेपाशी अडकली. तेवढ्यात जावई टॉवेल खांद्यावर टाकून बाहेर आला, मला उभा पाहून थबकला आणि मान किंचित तिरकी करून म्हणाला:

“अहो, ऐकलंत का? उठलात कशाला? मी चहा ठेवते.”

शिष्य बोलू लागला होता, आणि माझ्या पत्नीसारखा बोलू लागला होता. या घरात मला मारलेली पत्नीचीच हाक दिवसभर त्याच्या कानांवर पडत होती, त्यावरून त्याने ‘अहो’ हे माझे नाव असल्याचे अनुमान काढले होते. कोणत्याही भाषाशास्त्रज्ञाने उपलब्ध पुराव्यावरून हेच केले असते. आणि क्रियापद! ‘मी’नंतर क्रियापदाच्या शेवटी ‘ते’ येतो, हा नियमही त्याने पुराव्यावरूनच बसवला होता. कारण पत्नी, मुलगी, वरच्या वहिनी हा त्याचा सारा बोलणारा समाज होता. मी त्या समाजात मोडत नव्हतो. मी त्याला शिकवत होतो.

“बाबा, सांगा ना त्याला,” मुलगी हसून हसून लाल झाली होती. “कालपासून ‘मी दमले, मी दमले’ करतोय.”

“तूच का सांगत नाहीस?”

“मला आवडतं,” ती म्हणाली. आणि मग, न हसता: “पण परीक्षेत चालणार नाही ना?”

चालणार नव्हते. पण मी सांगू शकत नव्हतो. दुसऱ्या खंडात चाळीस पाने मी चुका दुरुस्त करण्याच्या रानटी प्रथेवर खर्च केली आहेत. चूक हे प्रगतीचे पाऊल आहे. जो शिक्षक चूक दाखवतो तो विद्यार्थ्याची जीभ कापतो, असे माझे शब्द आहेत आणि ते दोन पाठ्यक्रमांत नेमलेले आहेत. मुलगी अकरा तास दूर जाण्याची वेळ आली असता माणसाने आपली चाळीस पाने गिळावीत की नाही? कोणताही बाप गिळेल. मी दोन दिवस विचार केला. त्यावरून माझी पारख करावी.

तिसऱ्या दिवशी मी त्याला जवळ बसवले. “हे पहा, मी पुरुष आहे. मी ‘येतो’ म्हणतो. तुम्हीही पुरुष आहात.”

त्याने सहानुभूतीने ऐकून घेतले. मग आत जाऊन पत्नीला विचारले, “आई, अहो म्हणतात, ‘येतो’. बरोबर आहे?”

“त्यांचं बरोबर असेल बाबा,” पत्नी कणीक मळता मळता म्हणाली. “पण येतो येतो म्हणतात आणि येत कधीच नाहीत. तू येतोस ना हाकेसरशी? झालं तर.”

अशा रीतीने दुसरा खंड अबाधित राहिला.

राहता राहिला अर्ज. त्यात नववा रकाना होता: ‘भाषा कोणत्या पद्धतीने शिकलात?’ पुढे चार सेंटिमीटर जागा. या प्रश्नावर मी एकतीस वर्षे खर्ची घातली होती आणि खात्याला तो चार सेंटिमीटरचा वाटत होता. मी रकान्यात लिहिले, ‘सोबतचे टिपण पाहावे’, आणि अडीच पानांचे टिपण जोडले. त्यात पाचही पद्धतींचा चिकित्सक परामर्श होता आणि तळटीपा होत्या. मुलगी म्हणाली, “बाबा, एक शब्द लिहा ना.” मी तिच्याकडे असा कटाक्ष टाकला, की ती पुढे बोलली नाही. तो कटाक्ष मला परत घेता आला असता तर मी तिन्ही खंड देऊन घेतला असता.

चाचणीच्या दिवशी मी जावयाबरोबर गेलो. गेलो नसतो तर बरे, असे आता सर्वांचे मत आहे. लांब व्हरांडा, एक बाक, काचेची खिडकी. खिडकीमागे कारकून, कारकुनामागे अर्धवट उघडे दार आणि दारापलीकडे परीक्षक. तासाभराने आमचा अर्ज वर आला. कारकुनाने टिपण दोन बोटांनी उचलले.

“हे काय? टिपण चालत नाही. रकान्यात एक शब्द पाहिजे. अर्ज बाद.”

“मग पुढे?”

“पुढची चाचणी चार महिन्यांनी.”

आमची मुदत शुक्रवारी संपत होती. माझ्या टिपणाने माझी मुलगी अकरा तासांवर चालली होती. मी खिडकीपाशी वाकलो (पाठ अजून दुखत होतीच) आणि आयुष्यात प्रथमच भाषेकडून काही काम करून घेण्याचा प्रयत्न केला.

“महोदय, प्रस्तुत रकान्याची व्याप्ती आणि प्रश्नाचे स्वरूप यांतील विसंगती लक्षात घेता, सदर टिपण हे उत्तराचे अपरिहार्य अंग समजले जावे, अशी माझी नम्र धारणा—”

कारकुनाने पेन खाली ठेवले. त्याच्या चेहऱ्यावर प्रथमच माणुसकी दिसली.

“घाबरू नका, काका,” तो हळूहळू, एकेक शब्द सुटा करत म्हणाला. “सावकाश. तुम्हाला. काय. पाहिजे?”

मला काय पाहिजे ते मला एका वाक्यात सांगता येईना. मी पुन्हा “वस्तुतः” म्हणालो. भिंतीवरच्या घड्याळात एक वाजला. कारकुनाने खिडकी ओढून घेण्यासाठी हात पुढे केला.

तो हात काचेवर पोहोचण्याआधी जावयाचा हात तिथे होता.

“अहो, ऐकलंत का? खिडकी लावू नका. आधी मी काय सांगते ते ऐका.” दुसरा हात त्याने कमरेवर ठेवला. “एक शब्द पाहिजे म्हणता आणि यांनी दिली अडीच पानं. यांचं असंच असतं! मीठ मागा, समुद्र दाखवतील. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. माणूस वाईट नाही. तीस वर्षं झाली, यांना कधी ‘हो’ नाही म्हणता आलं की ‘नाही’ नाही म्हणता आलं. आपणच समजून घ्यायचं. आता तुम्ही मला सांगा, कुठला शब्द पाहिजे? आहे तुमच्याकडे? मग लिहा की! हात दुखतो का? सकाळपासून ताटकळले मी इथे, पाणी विचारलंत का कुणी?”

माझ्या पत्नीने स्वयंपाकघरात, शेजाऱ्यांपाशी, फोनवर माझ्याविषयी काय काय म्हटले असेल याचा मी कधी विचार केला नव्हता. ते सारे आता निर्दोष उच्चारांसह एका सरकारी कार्यालयात सादर होत होते. सर्वांत लागले ते ‘माणूस वाईट नाही’. ते तिने मला कधी सांगितले नव्हते.

मागचे दार उघडले. परीक्षक बाई चष्मा कपाळावर ढकलून बाहेर आल्या.

“हे कोण बोलत होतं?”

“मी बोलत होते,” जावई म्हणाला. हात अजून कमरेवरच होता.

बाईंनी त्याला नखशिखांत पाहिले. ओठ आवळले, पण पुरेसे नाहीत. “कुठे काम करता?”

“पाणीपुरवठा. गळती शोधते. लोक दार उघडत नाहीत, मग मी म्हणते, मावशी, पाणी तुमचं, बिल तुमचं, मला काय, जाते मी. मग उघडतात.”

“उत्तीर्ण,” बाई कारकुनाला म्हणाल्या. “रकाना भरून टाक.”

“पण मॅडम, पद्धत कुठली लिहू?”

“विचार त्यांनाच.”

जावयाने माझ्याकडे पाहिले. त्या नजरेत माझ्याविषयी निखळ ममता होती. त्याने माझे नाव घेतले असते, तर मी विरोध केला नसता, हेही येथे लिहून ठेवतो. तो बराच वेळ शोधत राहिला.

“पद्धत कसली हो,” तो शेवटी म्हणाला. “आईंच्या घरी राहते मी.”

कारकुनाने लिहिले: ‘इतर’. शिक्का उमटला. शेऱ्याच्या जागी बाईंनी एकच ओळ खरडली: ‘क्रियापदे स्त्रीलिंगी. काम अडणार नाही.’

म्हणजे बदली टळली. मुलगी राहणार होती. मी बाकावर बसलो. अडीच पाने मी खिशात घालत असताना कारकून खिडकी लावता लावता थांबला, ड्रॉवर उघडून त्याने एक कोरा अर्ज काढला आणि काचेखालून माझ्याकडे सरकवला.

“काका, तुमचाही भरून ठेवा. चार महिन्यांनी या. तुम्हाला समजतं सगळं, फक्त बोलायची सवय नाही. घरी कुणाशीतरी बोलत जा.”

मी जावयाकडे पाहिले. आता तरी हा खुलासा करील, माझे पद सांगील, खंड सांगील. त्याने अर्ज उचलला, नीट घडी करून माझ्या हातात दिला आणि कारकुनाला आश्वासनपूर्वक म्हणाला:

“बोलतील. मी बघते.”